पाणी काळं आलं होतं

खारीगावात आमच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. सगळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पण मी जिऑलॉजी घेतलं ते डोंगराच्या ओढीने नव्हे, फिजिक्सचा कंटाळा आला म्हणून. खरं ते सांगितलेलं बरं.

कळवा ते सीएसएमटी अशी तीन वर्षं लोकल केली. खनिजं ओळखली, थरांचा कल मोजायला शिकले. शेवटच्या वर्षी कळलं की जीएसआयसाठीची (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) यूपीएससीची परीक्षा द्यायला एमएस्सी लागते. जॅममध्ये, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेत, आयआयटीपुरते गुण पडले नाहीत, मग नागपूर विद्यापीठ गाठलं. आई हिरमुसली, पण या धंद्याची पंढरी नागपूरच: आयबीएम (इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स) आणि एमईसीएल (खनिज शोधणारी सरकारी कंपनी) यांची मुख्यालयं तिथे, मँगनीजच्या खाणीही जवळ. यूपीएससीच्या परीक्षेत प्रीलिम निघाली, मेन्समध्ये आपटले.

नोकरी लागली ती मँगनीजचा शोध घेणाऱ्या एका खाजगी ठेकेदाराकडे, भंडारा जिल्ह्यात. मुलाखतीत खडकांबद्दल फारसं विचारलंच नाही. "जीपीएस चालवता येतं? जंगलात राहाल?" आईचा प्रश्न वेगळा होता: कॅम्पात बाथरूम आहे का? होतं, पत्र्याचं.

शोधकामाला पायऱ्या असतात, जी-४ (प्राथमिक पाहणी) पासून जी-१ (सविस्तर शोध) पर्यंत. आधी पायी हिंडून खडकांचा नकाशा, खंदक, नमुने. जमिनीत काही आहे असं वाटलं की ड्रिलिंग. मशीन भोकात पाणी सोडत एका दमात तीन मीटरचा रन मारतं, पाणी वर परत येतं आणि आतून दगडाचा दंडगोल निघतो, तो कोअर. तो खोलीच्या क्रमाने बॉक्समध्ये मांडायचा, प्रत्येक रनच्या शेवटी खोली लिहिलेला लाकडी ठोकळा ठेवायचा आणि लॉग, म्हणजे कुठल्या खोलीला कोणता खडक याची नोंद, लिहायचा.

दुसऱ्याच आठवड्यात एका रनमधून तीन मीटरऐवजी १.९ मीटरच कोअर आला. बॉक्स रिकामा दिसायला नको म्हणून मी तुकडे सरकवून पसरवले. अख्ख्या रनला लिहिलं: गोंडाइट, टणक. (स्पेसार्टाइन गार्नेट आणि क्वार्ट्झचा खडक, गोंड लोकांवरून नाव पडलेला.)

सीनियर सर उकिडवे बसले, ठोकळ्यांवरचे आकडे वाचले. "उरलेला १.१ मीटर कुठे गेला?"

मी गप्प. ड्रिलर काका बिडी विझवत म्हणाले, "मॅडम, त्या रनला पाणी काळं आलं होतं."

तेव्हा ट्यूब पेटली. टणक गोंडाइट टिकला होता आणि मऊ, भुसभुशीत मँगनीज पाण्याबरोबर वाहून गेलं होतं. ज्यासाठी भोक पाडलं, नेमकं तेच बॉक्समध्ये नव्हतं, आणि मी ती जागा दगडाने भरून मोकळी झाले होते! रिकव्हरी, म्हणजे हाती आलेला कोअर, ६३ टक्के. शेजारी नवं भोक घ्यावं लागलं, कमी पाण्यावर, छोट्या रनने. सर ओरडले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

आता मशीनजवळ गेले की आधी परत येणाऱ्या पाण्याचा रंग विचारते. हे सिलॅबसमध्ये नव्हतं.

पावसाळ्यात फील्ड बंद असतं, तेव्हा घरी बसून रिपोर्ट लिहिते. परवा चहा घेताना बाबांनी खिडकीबाहेर हात केला. "एवढी शिकलीस, आता या डोंगरात काय आहे ते सांग."

"खडी," मी म्हटलं.

"ते क्वारीवाल्यांना माहीतच होतं," म्हणाले, आणि पेपर उघडला.