बाखवर मत द्यायला बसलो आणि छापील खुणांशी गाठ पडली

माझ्या एका मैत्रिणीनं, ती हौसेनं पियानो वाजवते, जर्मन संगीतकार बाखच्या सी मेजर इन्व्हेन्शनचं, म्हणजे दोन हातांच्या दोन स्वतंत्र ओळी असलेल्या छोट्या रचनेचं, रेकॉर्डिंग पाठवलं. 'मोकळेपणानं सांग,' म्हणाली. सूर चोख होते, लय ढळत नव्हती, सूर लांबवणारं पेडल बेतानं होतं. हे सांगून लगेच झालं.

सातव्या बारशी (बार म्हणजे उभ्या रेघांमधला तालाचा एक कप्पा) मात्र आम्ही अडलो. तिथे विषय, म्हणजे रचनेची मुख्य धून, आधी डाव्या हातात येतो आणि उजवा त्याच्या मागून. रेकॉर्डिंगमध्ये डावा हात ऐकूच येत नव्हता, उजवा चढत निघाला होता. तसं लिहिलं, तर तिचं उत्तर आलं, 'पुस्तकात वर लांब स्लर (सूर जोडून वाजवण्याची खूण) आहे, क्रेसेंडो (आवाज वाढवत नेण्याची खूण) आहे. बाखनं लिहिलेलं मी कसं बदलू?'

तिचं पान मागवून पाहिलं आणि संतापलो. त्या पुस्तकाच्या संपादकानं स्वतःच्या खुणा बाखच्या सुरांइतक्याच ठळक छापल्या होत्या. कुठली खूण कोणाची, हे शिकणाऱ्याला कळणार कसं? बाखच्या हातच्या १७२३च्या प्रतीत या रचनेत आवाज लहान-मोठा करण्याची एकही खूण नाही. हे मी परोपरीनं सांगितलं, तरी छापलेल्यावरचा तिचा विश्वास हलेना. शेवटी हस्तलिखिताच्या पानाचा फोटो पाठवला, तेव्हा कुठे तिला पटलं. तुम्हाला कुणाला मत द्यायचं असेल, तर आधी त्यांची प्रत बघा; माझा सगळा वेळ इथेच गेला.

मग ती दुसऱ्या टोकाला गेली. 'म्हणजे सगळं सपाट वाजवू?' मुळीच नाही. १७२३च्या त्याच प्रतीच्या मुखपृष्ठावर बाखनं दोन्ही हातांच्या ओळी स्वच्छ वाजवायला शिका आणि वादन गातं ठेवा, असं बजावलंय. तिला म्हटलं, उजवा हात वाजव आणि डाव्याची ओळ तोंडानं गा. श्वास जिथे घ्यावासा वाटेल, तिथे सुरांचं वाक्य तुटतं.

नव्या रेकॉर्डिंगमध्ये सातव्या बारला डावा हात खणखणीत बोलला. मला फार आनंद झाला.

हो, आणि मत देताना बारचा आकडा लिहाच. 'मधे कुठेतरी गडबड वाटते' म्हटल्यावर वाजवणाऱ्यानं बावीस बार चाळायचे का? एका वेळी एकच गोष्ट सांगा. ट्रिल आणि मॉर्डंट या सुरांवरच्या अलंकारांबद्दल मी अजून बोललेलो नाही. १७२०मध्ये स्वतःच्या थोरल्या मुलासाठी सुरू केलेल्या वहीत बाखनं अलंकारांचा तक्ता दिलाय, तो बघून ठेव एवढंच तिला कळवलंय.