लाटेला आल्या लाटा: हॉलच्या भिंतीची ताजी खबर

मंडळी, आधी वाईट बातमी. जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट छापून, फ्रेम करून हॉलमध्ये लावली, तिच्यावरून मागच्या खेपेला मी एवढा भाव खाऊन घेतला, आणि आता तिच्या कागदालाच लाटा आल्यात. तीन उभे फुगवटे, त्यातला एक थेट फुजी पर्वताच्या डोक्यावरून गेलेला. दिवसा कळत नाही. संध्याकाळी बाजूचा दिवा लावला की सावल्या पडतात आणि मग नजर तिथून हलत नाही.

चीड यासाठी की छपाई फारच सुरेख झाली होती. लाकडी ठशावरून छापलेलं मूळ चित्र साधारण 25 × 37 सेंटिमीटरचं, म्हणजे ए-थ्री कागदावर खऱ्या मापात बसतं. फाइल मेट्रोपॉलिटन म्युझियमची, फुकट. 2017 पासून त्यांनी स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांच्या फाइली सगळ्यांना खुल्या केल्यात. 300 जीएसएमच्या जाड, बिनचकाकीच्या मॅट कागदावर तो प्रशियन निळा जांभळट न होता निळाच उतरला. साताऱ्यातल्या राजवाड्याजवळच्या छपाईवाल्या पोराला पैकीच्या पैकी मार्क.

घोळ पुढे झाला. फ्रेम उलटी करून मागचा ब्राउन पेपर फाडला तेव्हा उलगडा झाला. 'प्रिंट नुसती वरून अडकवा' असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, तरी फ्रेमवाल्याने चारही कडांना गम फासून ती हार्डबोर्डाला चिकटवलेली. विचारलं तर म्हणतो, "पक्कं बसवलंय ताई, हलणार नाही." हलायलाच तर हवं होतं!

कागदाचे तंतू ओल प्यायले की लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून अख्खा कागद ग्रेनच्या, म्हणजे तंतू ज्या दिशेने पसरलेले असतात तिच्या, आडव्या दिशेने पसरतो. कडा मोकळ्या असत्या तर दोन्हीकडे केसभर सरकला असता. कडा जखडल्यावर जादाचा कागद जाणार कुठे? फुगून वर येणार. माझे फुगवटे उभे, म्हणजे ग्रेनही उभा. खात्रीसाठी त्याच शीटची उरलेली पट्टी दुमडून पाहिली. उभी घडी स्वच्छ पडली. आडव्या घडीवर शाई तडकून पांढरी, दातेरी रेघ उमटली. तुमच्याकडे कटिंगचे तुकडे असतील तर फ्रेम करण्याआधी एवढं जरूर करून बघा.

आणि ओल? आमचं घर शाहूपुरीत, हॉलची मोठी भिंत पश्चिमेची. यवतेश्वराच्या डोंगराकडून येणारा पाऊस आधी तिलाच झोडपतो. हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर हॉलच्या मधोमध ठेवला तर 74 टक्के, फ्रेमच्या मागे सरकवला तर 88. भिंत आणि हार्डबोर्ड यांच्यात कोंडलेली हवा हीच खरी दुष्मन. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या लावा असं काहींनी सुचवलं होतं. माझं मत विचाराल तर बंद डब्यात ठीक. उघड्या फ्रेममागे त्या बघता बघता भरतात आणि नुसत्या लटकत राहतात.

नवी प्रिंट काढली. या वेळी काम घरीच केलं. मैद्याची पातळ खळ, हातकागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, आणि त्या फक्त वरच्या कडेला. सेलोटेपचं नावही काढू नका, पिवळी पडते आणि चिकटा मागे सोडते. कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, पण ठिपकाभर खळीला त्याची गरज नाही. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याच्या, मागे प्रिंटला बाजूंनी आणि खालून तीन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवली. माउंटच्या जाडीमुळे काचही शाईला टेकत नाही. परवाच्या झडीत दिवसभर दिवा लावून तिरक्या नजरेने पाहत बसले. सपाट!

फ्रेमच्या सिंथेटिक पट्टीचे कोपरेही या वेळी मायटर बॉक्समध्ये (तिरका काप अचूक घ्यायचा साचा) असे जुळले की नखसुद्धा शिरत नाही. लाकडी पट्टीचे भक्त रागावतील, पण साताऱ्याच्या पावसात मी सिंथेटिकच घेणार. ओल पीत नाही, भुंगाही लागत नाही.

दिवाळी अंकांची मुखपृष्ठं करणारे चित्रकार दलाल, त्यांची चित्रं छापून का लावत नाहीस, असं एकीने विचारलंय. दीनानाथ दलाल 1971 साली गेले. आपल्याकडे हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2031 संपेपर्यंत छापणं नको. चित्रकार धुरंधर 1944 साली गेले, ते मोकळे आहेत. दलाल हवेच असतील तर रद्दीवाल्याकडून जुना दिवाळी अंक घ्या आणि मुखपृष्ठच फ्रेम करा, छपाईचा खर्चही वाचेल. पॅसेजमध्ये रविवर्मा लावायचे आहेतच. औंधच्या भवानी संग्रहालयात त्यांची मूळ तैलचित्रं पाहिल्यापासून माझी तपकिरी छपाई बघवत नाही, तेव्हा रंग सुधारेपर्यंत ते थांबतील. स्वस्तात घरोघरी चित्रं पोचवायला त्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला होता, त्यामुळे आपल्या उद्योगावर ते रागावणार नाहीत असा माझा समज.

बेत असा होता की भिंतीपासून फट राहावी म्हणून फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना रबरी बटणं लावायची. पण हे लिहिता लिहिता वाईच्या मावशीचा वाडा आठवला. तिच्याकडच्या जुन्या तसबिरी भिंतीला चिकटून नसतात. खाली दोन खिळ्यांवर टेकलेल्या, वरून दोरीने बांधून पुढे झुकवलेल्या. मागे वरच्या बाजूला चांगला चार बोटं वारा खेळतो! तिची भिंत माती-चुन्याची, माझी सिमेंटची, तेव्हा सरळ तुलना नको. तरी बटणं रद्द. लाट तशीच झुकवून टांगते आणि मागे पुन्हा हायग्रोमीटर सरकवते. शिवाय वरचा दिवाही काचेत दिसायचा थांबेल बहुतेक.

अडचण एकच: फ्रेम टेकवायला खालचे खिळे लांब आणि गंजणार नाहीत असे हवेत. पितळी, डोक्याचे, तीन इंची. पोवई नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्यांकडे दीड इंचाच्या पुढे काही नाही. सांगली-मिरजेकडचे कोणी जुन्या बाजारात जाणार असाल तर माझ्यासाठी चार बघा, काचेचं वजन पेलतील एवढे जाड.