पोल म्हणजे डोकं

२ मे २०२४ला लंडनच्या महापौरपदासाठी मी मत दिलं. भारतीय पासपोर्ट दाखवून. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक इथं रीतसर राहत असतील तर त्यांना मताचा हक्क आहे, हे मला ठाऊक होतं. तरी केंद्रावरच्या बाईंनी पासपोर्टावरचा फोटो बघून मतपत्रिका पुढं केल्या, तेव्हा घशात काहीतरी अडकलं. आडोशाला जाऊन पेन्सिलीनं फुली मारायची, झालं. बोटाला शाई नाही.

पाच दिवसांनी, ७ मेला, सोलापूरचं मतदान. तिथल्या यादीतही माझं नाव आहे, परदेशस्थ मतदारांसाठीचा ६-ए नमुना भरून घातलेलं. २०१० साली कायदा बदलला म्हणून ते घालता आलं. पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः सोलापुरातल्या केंद्रावरच जायला हवं. टपालानं नाही, वकिलातीत नाही. परदेशस्थांना प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारं विधेयक २०१८ला लोकसभेत मंजूर झालं होतं, पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित झाली आणि तेही गेलं. मला हे सोसत नाही. ऐन हंगामातलं विमानाचं तिकीट, मिळाली तर रजा, मुंबईहून पुढं रात्रीची रेल्वे, एवढं केल्यावर एक बटण. ज्याला परवडतं त्यानंच मत द्यायचं? तोच पासपोर्ट लंडनमध्ये चालला आणि माझ्या मताला सोलापूर गाठता येईना.

त्या आठवड्यात टेबलावर पडलेलं ‘पोल कार्ड’, म्हणजे इथल्या मतदाराला घरी येणारं मतदानाचं सूचनापत्र, सारखं डोळ्यांपुढं येत होतं. पोल म्हणजे काय, ते शोधलं. मध्ययुगीन इंग्रजीत पोल म्हणजे डोकं, टाळू. बेडकाच्या पिल्लाला टॅडपोल म्हणतात, त्यातला पोल हाच. चौदाव्या शतकातला पोल टॅक्स म्हणजे माणशी कर, ज्यावरून १३८१ला इथले शेतकरी उठले. मतं मोजायची म्हणजे डोकी मोजायची, म्हणून निवडणुकीलाच पोल. आपणही दरडोई म्हणतो, शिरगणती म्हणतो, पण निवडणुकीसाठी आपण डोकं घेतलं नाही. आपण ‘मत’ घेतलं. संस्कृतातल्या मन् धातूपासून आलेलं, म्हणजे मनानं जे मानलं ते. आणि त्याला जोडलं दान.

हे दान मला फार मोठं वाटतं. अन्नदान, रक्तदान, मतदान. दिलं की आपलं राहत नाही.

सोलापुरात तर या शब्दाची आणखी गंमत आहे. आमच्या पूर्व भागात शेजारी तेलुगू, पलीकडच्या आळीत कन्नड. कन्नडमध्ये मत म्हणजे मतही आणि धर्मही. तेलुगूत मतम् म्हणजे धर्मच, आणि मताला सरळ ‘ओटु’. शेजारच्या काकू आईला “ओटु वेशारा?” म्हणून विचारायच्या आणि आई मराठीत उत्तर द्यायची. कुणालाच अडायचं नाही.

इथली एक मैत्रीण म्हणाली, तुमच्याकडे मतदान किती अवघड करून ठेवलंय! मला राग आला. इथं १८७२पर्यंत उघड मतदान होतं, कुणी कुणाला मत दिलं ते छापून यायचं. बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळालं १९२८ला. आम्ही १९५१-५२च्या पहिल्याच निवडणुकीत एकवीस वर्षांवरच्या प्रत्येकाला दिलं, लिहिता न येणाऱ्यालाही. मी हे तिला ऐकवलं. खरं तर माझाही राग त्याच नियमावर होता.

आणि अजून एक आहे. १९३०ला इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या पुतळ्यांवरून माझी शाळेची वाट होती. त्याच राज्यकर्त्यांच्या राजधानीत मी फुली मारून आले. मला यात चूक वाटत नाही. मी इथं कर भरते, इथल्या बसनं कामाला जाते, त्या बसचं भाडं ठरवणारा महापौर मी निवडायला हवा. पण शाळेतली मी हे ऐकून काय म्हणाली असती, हे दोन-तीन रात्री मनात घोळत राहिलं.

७ मेला दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. बोट कॅमेऱ्यासमोर, शाई ओलसर. मागं काकूंचंही बोट.

“सकाळीच जाऊन आलो, ऊन लई हाय,” आई म्हणाली. मग जरा थांबून, “यादी धरून बसलेल्या पोराला मी तुझं नाव हाय का बघायला लावलं.”

“होतं?”

“होतं की. बोट ठेवून दाखवलं त्यानं.”