काँक्रीट फोडायचे आणि सळई सोडवायची

पुण्याच्या चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर एकच्या सुमारास, स्फोटाने पाडण्यात आला. सुमारे ६०० किलो स्फोटके वापरूनही तो पूर्णपणे खाली आला नाही. काँक्रीटच्या ठिकऱ्या झाल्या, परंतु आतील सळयांचे जाळे तुटले नाही आणि उरलेला सांगाडा पोकलेन लावून ओढून काढावा लागला. त्याआधी जेमतेम पाच आठवड्यांपूर्वी, २८ ऑगस्टला, नोएडातील जोड मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त झालेले सर्वांनी पाहिले होते आणि ते काम करणाऱ्या कंपनीकडेच हा पूलही होता, त्यामुळे अनेकांना ही फजिती वाटली. मला मात्र त्या रात्री सलोह काँक्रीटचा, म्हणजे आत सळया घातलेल्या काँक्रीटचा, स्वभाव सर्वांसमोर उघड झाला असे वाटते. उंच इमारतीत स्फोट फक्त खांब निकामी करतो, तिला खरोखर पाडते ते तिचे स्वतःचे वजन. बुटक्या पुलाच्या बाबतीत ते वजन आणि ती उंची हाताशी नसते, म्हणून सळईची ताकद शेवटपर्यंत शिल्लक राहते.

काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. पोलाद ताण सोसते. तापमानाबरोबर दोघांचे प्रसरण जवळजवळ सारखेच होते, शिवाय सळईवरच्या कंगोऱ्यांमुळे काँक्रीट तिला घट्ट धरून बसते. या जोडीच्या बळावर आपली शहरे उभी आहेत. पण इमारतीचे आयुष्य संपले की हीच जोडी सोडवायची असते, आणि पाडकामाच्या यंत्रांचा सगळा विचार या एका अडचणीभोवती फिरतो.

आपल्याकडे पाडकाम म्हटले की पोकलेनच्या टोकाला बसवलेला ब्रेकर डोळ्यांसमोर येतो. तेलाच्या दाबावर चालणारी त्याची जाड छिन्नी एकाच जागी ठोके देत राहते आणि स्लॅब असो वा पाया, त्याचे तुकडे करते. खडकासारख्या भरीव पायासाठी त्याला पर्याय नाही. पण वस्तीतल्या इमारतीसाठी सरसकट ब्रेकर वापरणे मला योग्य वाटत नाही. त्याचे हादरे शेजारच्या भिंतींपर्यंत जातात, आवाज असह्य असतो, आणि सळईला लटकलेली मोठमोठी ढेकळे तशीच राहतात, जी नंतर मजुरांना घणाने फोडावी लागतात. त्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. फुप्फुसांत साठून ते कायमचा आजार देतात. पाण्याचा बारीक फवारा सतत चालू असणे आणि मजुरांच्या तोंडावर योग्य मुखपट्टी असणे या किमान गोष्टी आहेत, तरीही अनेक ठिकाणी त्या दिसत नाहीत.

याच पोकलेनला ब्रेकरऐवजी जबडा लावता येतो. अडकित्त्यात सुपारी धरावी तशी तो तुळई किंवा भिंत दोन बाजूंनी पकडतो आणि चुरडतो. ठोके नसल्यामुळे हादरे आणि आवाज बरेच कमी होतात. मुख्य म्हणजे काँक्रीट चुरा होऊन गळून पडते आणि सळई मोकळी हातात येते. काही जबड्यांच्या आतल्या बाजूला सळई कापणारी पातीही असतात. एखाद्या पुलाचा किंवा इमारतीचा ठरावीक भागच कापून उचलायचा असेल, तर हिऱ्याचे मणी बसवलेली तार त्या भागाभोवती गुंडाळून फिरवतात आणि ती काँक्रीट व सळई दोन्ही एकत्र कापत जाते. हे काम महाग असते, पण नेमके होते.

जागेवरून निघालेला राडारोडा पुनर्प्रक्रिया प्रकल्पावर पोहोचला की पुढची यंत्रे खडी क्रशरच्या कुळातलीच असतात. पहिला बहुधा जबडा क्रशर. १८५८ साली अमेरिकेत एली व्हिटनी ब्लेक याने पेटंट घेतलेल्या रचनेचे तत्त्व आजही तेच आहे. चुकून राहिलेली सळई तो निभावून नेतो. त्यानंतर पट्ट्यावर आडवे टांगलेले चुंबक लोखंड उचलून बाजूला टाकते, आणि मग माल आघात क्रशरमध्ये जातो. तिथे वेगाने फिरणारे दांडे तुकड्यांना पोलादी पाट्यांवर आदळतात, त्यामुळे दगडाला चिकटलेला सिमेंट-वाळूचा थर काही प्रमाणात सुटतो आणि खडीचा आकारही बरा येतो. शेवटी चाळण्या, हवेचा झोत किंवा पाण्याची धुलाई.

या चिकटलेल्या थरामुळेच पुनर्वापराच्या खडीचा दर्जा घसरतो. तो सच्छिद्र असतो आणि पाणी पितो. दख्खनच्या काळ्या दगडाची ताजी खडी जेमतेम एक-दोन टक्के पाणी शोषते, तर जुन्या काँक्रीटची खडी त्याच्या कितीतरी पट शोषते, म्हणून ती आधी भिजवून घ्यावी लागते. जपानमध्ये यावर फार कष्टाने काम झाले आहे: काँक्रीटचे तुकडे सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सिमेंटचा थर ठिसूळ करायचा आणि मग घासून काढायचा, अशी पद्धत तेथे विकसित झाली, आणि उत्तम, मध्यम व कनिष्ठ प्रतीच्या खडीसाठी तीन वेगळी मानकेही आहेत. नेदरलँड्समध्ये तर मूळ दगड न फुटता फक्त त्याच्याभोवतीचे सिमेंट सुटावे अशा बेताने दाब देणारा क्रशर बनवला गेला. इंधनाचा खर्च पाहता जपानी पद्धत आपल्याकडे सहज रुजेल असे मला वाटत नाही. डच वाट अधिक आशादायक दिसते.

काँक्रीटच्या खडी-वाळूसाठीच्या आपल्या आयएस ३८३ या भारतीय मानकाची २०१६ सालची आवृत्ती या बाबतीत स्पष्ट आहे. निव्वळ काँक्रीटपासून मिळालेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि एम-२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या सलोह काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत वापरता येते. विटा, फरशा, गिलावा मिसळलेल्या राडारोड्याची जाड खडी मात्र पायाखालच्या कमी प्रतीच्या काँक्रीटपुरतीच चालते. म्हणजे खडीची प्रत प्रकल्पावर पोहोचण्याआधीच, इमारत कशी पाडली यावर, बऱ्याच अंशी ठरून गेलेली असते. सगळे एका ढिगात लोटले की पुढे कितीही भारी यंत्र लावले तरी त्यातून पेव्हर ब्लॉक आणि भरावाचा मालच निघणार.

सळईची काळजी बाजार घेतो. तिला भाव आहे, म्हणून ती शेवटच्या तुकड्यापर्यंत वेचली जाते आणि भंगारातून जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांत जाऊन पुन्हा सळई होते. खडीला असा भाव नाही, म्हणून उरलेला ढीग रात्री मुठेच्या काठी किंवा मुंबईच्या खाडीत रिकामा होतो. मुंबईच्या राडारोड्यासाठी दहिसर आणि ठाणे जिल्ह्यातील डायघर येथे रोज प्रत्येकी ६०० टन क्षमतेचे प्रकल्प उभे राहिले आहेत ही चांगली गोष्ट आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे केंद्राचे नवे नियम मोठ्या बांधकामांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकतात, पण ती २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी आहे. पुनर्विकासाला निघालेल्या तीन-चार मजली सोसायट्यांपैकी अनेक त्याखाली राहतील.

अशा सोसायट्यांनी पाडकामाचा करार निव्वळ भंगाराच्या किमतीवर देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दारे-खिडक्या, फरशा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची छते आधी उतरवावीत, विटांचा ढीग काँक्रीटपासून वेगळा ठेवावा, खांब आणि तुळया जबड्याने फोडाव्यात आणि प्रत्येक गाडीची प्रकल्पावरची वजनपावती सोसायटीकडे जमा व्हावी, हे करारात लिहून घ्यावे. यात प्लास्टर ऑफ पॅरिसबद्दल तर जराही सूट देऊ नये, कारण त्यातील सल्फेट खडीसोबत नव्या काँक्रीटमध्ये गेले तर ते काँक्रीट आतून फुगते आणि त्याला तडे जातात.