ब्रम्हपुरीकडे पुराचं सामान घेऊन गेलो होतो त्याची हकीकत, जाणाऱ्यांसाठी

दरवर्षी पावसाळ्यात कोणी ना कोणी फोन करून विचारते की भाऊ पूरग्रस्त गावात सामान न्यायचं आहे, काय नेऊ, कुठून जाऊ. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ही ट्रिप २०२० च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. कोरोनातला ई-पास (जिल्ह्याबाहेर जायचा परवाना) नुकताच बंद झाला होता, तोंडाला मास्क, आम्ही पाच जण, एक पिकअप अन् एक छोटा हत्ती. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड करत चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रम्हपुरी, अन् तिथून वैनगंगेच्या काठच्या एका गावात.

आधी पूर कसा आला ते सांगतो, कारण तिथंच माणूस पहिल्यांदा फसतो. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा ओडिशा-छत्तीसगडवरून सरकत मध्य प्रदेशात गेला, पाणी धो धो पडलं ते तिकडं शिवनी-छिंदवाड्याकडं, मग तिकडच्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, पेंच-कन्हानचंही आलं, अन् खाली वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची ३३ च्या ३३ दारं उघडावी लागली. म्हणजे पाऊस वर अन् पूर खाली. गावातले लोक सांगत होते की नाले उलटे वाहून राहिले होते, नदीचं पाणी नाल्यातून मागं येऊन बांध्यात, म्हणजे धानाच्या शेतात, शिरलं. म्हणून जायच्या आधी गावातलं आभाळ पाहून काही कळत नाही, गोसेखुर्दमधून किती पाणी सोडून राहिले ते विचारा, रोज विचारा.

रस्त्याचं. गावाच्या अलीकडे नाल्यावर एक रपटा (बुटका पूल) लागला, वरून गुडघाभर पाणी वाहत होतं, आमचा ड्रायव्हर म्हणे काढतो गाडी, काही होत नाही. तिथं बसलेले एक बाबा उठून गाडीच्या समोरच येऊन उभे राहिले, म्हणे "पाणी दिसते थोडं पण खालचा डांबर गेला जी, सकाळी माह्या डोळ्यानं पाह्यला." तासभर थांबलो, मग बाबांनीच दाखवलेल्या दुसऱ्या रस्त्यानं सात-आठ किलोमीटर फिरून गेलो. पुढच्याच वर्षी, २८ सप्टेंबर २०२१ ला, गुलाब वादळाच्या पावसात उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून एसटी वाहून गेली, ती बातमी वाचली तेव्हा मला ते बाबाच आठवले. एवढी मोठी एसटी जाते तर छोटा हत्ती काय चीज आहे. रपट्यावर पाणी असेल तर गाडी बंद करा, चहा प्या.

आता सामान. आम्ही काय नेलं होतं तर चाळीस थैल्या कणीक, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या अन् जुन्या कपड्यांची अकरा चुंगडी (पोती). कणकेचं बघा, हा सगळा धानपट्टा, लोक दोन्ही टाइम भात खाणारे, त्यात चुली ओल्या, लाकडं ओली, पोळ्या भाजणार कशावर? अन् ज्यांच्या घरी ढोलीभर (कणगीभर) धान असते त्यांच्याच ढोलीतल्या धानाला कोंब फुटून आंबूस वास सुटला होता. ज्यानं जन्मभर दुसऱ्याला तांदूळ पुरवला त्याच्या हातात पाच किलोची थैली देताना मान वर होत नव्हती माझी.

कपड्यांचा तर विषयच नको. बचत गटाच्या एक ताई सरळ म्हणाल्या, "भाऊ, कपडे नोका देऊ जी, ठेवाले जागा कुठं हाय? फावडा-घमेला असन त द्या." खरंच होतं, घराघरात टोंगळाभर, म्हणजे गुडघाभर, गाळ, अन् अख्ख्या मोहल्ल्यात धड फावडे दोन. आम्ही संध्याकाळी ब्रम्हपुरीला परत येऊन दुकानातून फावडे, घमेले, खराटे, फिनाईल, ताडपत्र्या अन् रबरी बूट घेतले, तेच खरं कामी आलं. बूट विसरू नका, गाळात काच, खिळे अन् साप सगळंच असते, आमच्यासमोर एका घरात कपाटाखालून मण्यार निघाली.

जनावरांचं कोणाच्याच डोक्यात येत नाही, आमच्याही नव्हतं. तणशीचे (धानाच्या पेंढ्याचे) ढीग वाहून गेले नाहीतर सडले, बैल नुसते उभे. दुसऱ्या खेपेला नागभीडकडच्या कोरड्या गावातून तणीस अन् ढेप (पेंड) नेली, तर माणसांच्या धान्यापेक्षा त्यालाच जास्त गर्दी झाली. अजून एक गोष्ट म्हणजे चार्जिंग. लाईट नव्हती चार दिवस, आमच्या गाडीत इन्व्हर्टर होता, त्याला एक्स्टेंशन बोर्ड लावला तर अर्धं गाव मोबाईल घेऊन आलं, लेकीबाळींना फोन करायचे होते सगळ्यांना.

वाटप गावाच्या तोंडाशी करू नका बाप्पा. आम्ही पहिल्या दिवशी केलं, रेटारेटी झाली, समोरच्या घरांना दोनदा मिळालं अन् मागच्या टोल्यावर (वस्तीवर) काहीच पोचलं नाही, एक म्हातारी मावशी रिकामी पिशवी घेऊन परत गेली. दुसऱ्या दिवशी गावच्या आशा सेविका अन् बचत गटाकडून घरनिहाय यादी घेतली, टोल्यापासून सुरुवात केली अन् दारोदार गेलो. फोटो काढायची हौस असेल तर गाळाचे काढा, माणसांचे नको.

गाळाचे फोटो खरंच काढा, तेही साफसफाईच्या आधी. भिंतीवरची पाण्याची रेघ, आडवं झालेलं धान, मेलेलं जनावर, सगळं. तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक पंचनाम्याला येतील तेव्हा घर धुऊन चकाचक असलं की दाखवणार काय. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असलं तरच सरकारी मदतीत बसते, हे बऱ्याच लोकांना माहीतच नव्हतं. आधारकार्ड-पासबुक भिजलेल्यांसाठी प्लास्टिकची झिप थैली न्या, पाच-दहा रुपयाची वस्तू आहे पण लोकांनी दोन-दोन मागून घेतल्या.

पाण्याच्या बाटल्या दोन दिवसात संपल्या, मागं उरला प्लास्टिकचा कचरा. त्यापेक्षा विहिरीचं बघा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं माहीत असते, साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम, रात्री टाकायची म्हणजे सकाळपर्यंत काम होते. पण पुराच्या पाण्यानं भरलेल्या विहिरीचा आधी उपसा करावा लागते, तर डिझेल पंप भाड्यानं मिळाला तर तोच न्या. सोबत क्लोरीनच्या गोळ्या अन् ओआरएस.

गडचिरोलीतल्या भामरागडकडं जाणार असाल तर हिशोब वेगळा. तिथं पर्लकोटा नदी चढली की पूल पाण्याखाली अन् तालुका तुटला, मग तुमची गाडी आलापल्लीलाच उभी. तिकडं द्यायचं ते पावसाळ्याआधी पोचवा.

अन् कधी जायचं? पहिल्या दोन दिवसात जाऊ नका, तेव्हा बोटवाले लोक काम करून राहिले असतात, आपण फक्त रस्ता अडवतो. आठव्या दिवशी जा, तेव्हा गाड्यांची लाईन संपलेली असते अन् गाळ तसाच असतो. गावात ओळखीचा एक नंबर हवा, निघायच्या आदल्या रात्री विचारायचं, बस.

कपड्यांच्या अकरा चुंगड्यांपैकी नऊ परत आणल्या. काही वाटल्या, दोन अजून माझ्या गच्चीवरच्या खोलीत पडून आहेत, कोणाला गोधड्या शिवायला पाहिजे असतील तर घेऊन जा.