अर्पण तर देवाला करतात ना बाई?

शाळेच्या जुबिलीच्या अंकासाठी लिही म्हणून ग्रुपवर चार वेळा मेसेज आला, मग म्हटलं चौथीच्या बाईंवरच लिहितो, बाकी शाळा बरीचशी विसरलोय.

संविधानाचा धडा आला तर बाईंनी पुस्तक उघडलंच नाही, लायनीत उभं करून सरळ बडोद्याच्या कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड राजघराण्याच्या स्मारकात नेलं. भिंतींवर ही मोठी चित्रं, गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीराबाई, आम्ही माना वर करून बघतोय आणि बाई सांगतायत की ज्या नंदलाल बोसांनी हे काढलं त्यांनीच शांतिनिकेतनच्या मंडळींना घेऊन आपल्या घटनेची पानं सजवली, त्यातही गंगावतरण आहे. आणि मजकूर म्हणे प्रेम बिहारी रायजादांनी हाताने लिहिलाय, पैसे नकोत म्हणाले, फक्त पानोपानी माझं नाव राहू द्या. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, मला ऐकूनच घाम फुटला.

मग पूल ओलांडून कमाटीबाग. आम्हाला टॉय ट्रेन पाहिजे होती पण बाईंनी आधी वडाखाली बसवलं. आंबेडकर सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेत शिकून 1917 ला इथे नोकरीला आले तर बडोद्यात राहायला जागा कोणी देईना, पारशी सरायमध्ये नाव बदलून राहिले तर तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, आणि ते या बागेत येऊन बसले. पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष तेच. खोटं कशाला बोलू, ट्रेनमध्ये बसल्यावर मी ते विसरलोही.

दुसऱ्या दिवशी घटनेची उद्देशिका पाठ करायची होती. गल्लीतले गुजराती शाळेतले मित्र ‘अमे भारतना लोको’ म्हणून मोकळे व्हायचे, आमची गाडी ‘अंगीकृत आणि अधिनियमित’ला अडायची. शेवटी येतं ‘स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’. मी विचारलं, बाई, अर्पण तर देवाला करतात ना, स्वतःला कसं करणार? वर्ग हसला, बाई नाही हसल्या. म्हणाल्या, घरी विचारून ये.

आजी गहू निवडत होती. म्हणाली, “अरे आमच्या वेळी काहीही झालं की महाराजांच्या चरणी अर्पण. 1949 च्या मे महिन्यात बडोदा संस्थान मुंबई राज्यात गेलं, मग नोव्हेंबरात घटना झाली ती कोणाच्या चरणी ठेवणार? राहिलो कोण, आपणच ना.”

बाईंनी हे आपल्या टाचणवहीत उतरवून घेतलं. आजीला येऊन सांगितलं तर तिने सूप खाली ठेवलं आणि विचारलं, “खाली माझं नाव घातलं का रे त्यांनी?”