रायबरेली आणि १६५ मतं

मार्च १९७७. कोल्हापुरातल्या एका लहानशा दैनिकात मी नुकताच उपसंपादक म्हणून लागलो होतो. काम साधं: टेलिप्रिंटरवर आलेला इंग्रजी मजकूर फाडायचा, त्याचं मराठी करून छपाईचे खिळे जुळवणाऱ्यांकडे द्यायचं. आणीबाणीत चारही वृत्तसंस्था मिळून ‘समाचार’ अशी एकच केलेली. खातरजमा करायची तर दुसरं दारच नव्हतं.

२० तारखेच्या रात्री लोकसभेच्या मतमोजणीचे उत्तरेकडून येणारे आकडे वाचून आम्ही एकमेकांकडे बघत होतो. उत्तर प्रदेशात काँग्रेस साफ! पंतप्रधान इंदिरा गांधींच्या रायबरेलीबद्दल मात्र यंत्र गप्प. तिथं फेरमोजणीची मागणी झाली होती, हे नंतर कळलं. फोरमनमामा सारखे आत यायचे, “सायेब, मथळा काय लावू? पान अडलंय.” त्यांनी सर्वांत मोठ्या टाइपात ‘पराभूत’ जुळवूनच ठेवलं होतं. संपादकांनी ते बघितलं आणि त्यावर फडकं टाकायला लावलं. आज हसू येईल. पण निवडणुकीपुरता सेन्सॉर सैल झाला तरी आणीबाणी उठलेली नव्हती, आणि प्रत्येक शब्द जपून लिहायची खोड अंगात मुरलेली.

उत्तररात्री यंत्र खडखडलं. राजनारायण विजयी, मताधिक्य ५५,२०२. अमेठीत संजय गांधीही पडले होते. संपादकांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि म्हणाले, “मामा, काढा फडकं.” जल्लोष वगैरे काही नाही, मशीन सुरू करायची घाई. तरी गारगोटीकडचे गठ्ठे पहिल्या एस.टी.ला चुकलेच. त्याच दिवशी, २१ मार्चला, आणीबाणी उठली.

बिंदू चौकात मात्र वेगळाच सूर. “बाई पडल्या व्हय? बरं, आपल्या दाजिबांचं काय?” शेतकरी कामगार पक्षाचे दाजिबा देसाई कोल्हापुरातून निवडून आले ते फक्त १६५ मतांनी, त्या निवडणुकीत देशात याहून कमी फरकानं कुणी जिंकलं नाही. शेजारी इचलकरंजीत काँग्रेसचे बाळासाहेब माने आले. देशभर एकच लाट होती म्हणणाऱ्यांनी आमचा जिल्हा बघावा.

पुढं कितीतरी दिवस कचेरीत येणारा प्रत्येक गावचा माणूस ठासून सांगायचा, “ती १६५ मतं आमच्याच गावची!”